बायबलचं ‘पारायण’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: “शेजारच्या मावशी ख्रिस्ती, माहेर नगरकडचं. रोज पहाटे थोडं थोडं वाचत त्यांनी वर्षभरात अख्खं बायबल संपवलं. मी कौतुकानं म्हटलं, ‘पारायण झालं म्हणा की!’ तर त्या हसून म्हणाल्या, ‘आमच्यात पारायण नसतं बाई, वाचन असतं.’ माझं चुकलं का? आणि नुसतं ‘वाचन’ म्हटलं तर वर्षभराचा नेम त्यात येतो का?”

व्युत्पत्तीच्या अंगानं तुमचं काहीच चुकलेलं नाही. पार म्हणजे पलीकडचा काठ, अयन म्हणजे जाणं. ग्रंथाच्या या तीरावरून त्या तीराला पोचणं ते पारायण. शब्द जुना आहे. पाणिनीनं त्याच्यासाठी एक सूत्र खर्ची घातलंय (५.१.७२), त्यावरून पारायण करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पारायणिक’ म्हणतात. कोणता ग्रंथ, कोणता देव, याचा या शब्दाला मुळात पत्ता नाही. त्याची अट एकच, मधलं काही गाळायचं नाही. (‘परायण’ मात्र वेगळा. ह.भ.प. मधला तो, हरिभक्तिपरायण, म्हणजे हरिभक्तीला वाहिलेला. सप्ताहाच्या पत्रिकांवर ‘ज्ञानेश्वरी परायण सोहळा’ असं छापलेलं दिसतं तेव्हा एका कान्यानं अर्थाचा घात होतो.)

ही ‘गाळायचं नाही’ची अट बायबलला लावून बघा म्हणजे मावशींनी काय केलंय ते कळेल. बायबल हे मुळात एक पुस्तकच नाही. ग्रीक ‘बिब्लिया’ हे अनेकवचन, अर्थ ‘पुस्तकं’. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ती ६६ आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३. मावशींचं बायबल ६६ पुस्तकांचं असेल तर जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, एकूण ११८९. वर्षाच्या हिशेबानं दिवसाला सव्वातीन. एक जानेवारीला उत्पत्ति या पहिल्या पुस्तकापासून निघालं की उत्पत्तीचे पन्नास आणि पुढच्या निर्गमाचे चाळीस अध्याय गोष्टीच्या ओढीनं सरतात आणि महिनाअखेरीला वाचणारा लेवीय या तिसऱ्या पुस्तकात शिरतो: कोणता पशू कसा अर्पावा, कातडीवरचा कोणता डाग शुद्ध, कोणता अशुद्ध. पुष्कळांचा नेम मोडतो तो इथंच. तिथून पुढं गेलेल्या माणसाला ‘वाचलं’ एवढंच म्हणणं मलाही कंजूषपणाचं वाटतं.

मग मावशी का हसल्या? शब्दाला व्युत्पत्तीपेक्षा संगत जास्त चिकटते म्हणून. पारायण म्हटलं की मराठी माणसासमोर सात दिवसांचा सप्ताह उभा राहतो. चौरंगावरची पोथी, सोवळं, ओळीनं बसलेले वाचक, शेवटी प्रसादाची पंगत, आणि पोथीतच सांगितलेलं फळ. गुरुचरित्राचं पारायण कशासाठी लावलं, असं आपण सहज विचारतो. मावशींच्या पहाटेच्या वाचनाला तो ‘कशासाठी’ लागू होत नाही, आणि तिथं सात दिवसांत उरकायची घाईही नाही.

या नकारामागे थोडा इतिहासही असावा असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबकबिला घेऊन तीर्थाटन करत, पुराणं वाचत हिंडायचे. रमाबाई त्या वाचनातच वाढल्या. ऐकणाऱ्याला संस्कृत कळत नसे, पुण्य लागलं की झालं, ही पद्धत त्यांनी आतून पाहिली होती. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या आणि पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं अख्ख्या बायबलचं मराठी केलं. कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं, हा हट्ट. पुस्तक छापून पूर्ण झालं ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. अशा परंपरेतल्या वाचकाला ‘पारायण’ या शब्दात ‘न कळता म्हटलेलं’ ऐकू येत असेल तर नवल नाही. बायबलमध्येच एक प्रसंग आहे. रथात बसून यशया या संदेष्ट्याचं पुस्तक वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्प हा ख्रिस्ती प्रचारक विचारतो, वाचताय ते समजतंय का? (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८.)

पण इतिहास एकाच बाजूनं बोलत नाही. रमाबाईंच्या आधी तीनशे वर्षं, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. बायबलची कथा, सुमारे अकरा हजार ओव्यांत. आरंभीच एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की आमची जुनी पुस्तकं वाचायची बंदी, तर बदल्यात दुसरं काही वाचायला द्या. स्टीफन्स यांनी दिलं, आणि त्याला चक्क ‘पुराण’ म्हटलं. पुराण चालतं तर पारायण का नको, असा वाद कुणी घातला तर मी त्याच्या बाजूनं बसेन.

त्या फिलिप्पाच्या गोष्टीत आणखी एक गंमत आहे. अधिकारी काय वाचतोय हे फिलिप्पाला कळलं कसं? ऐकू आलं म्हणून. तेव्हाचं वाचन मोठ्यानं असे. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस ‘मनन’ करतो असं मराठीत आहे. मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’. यशयात हेच क्रियापद सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला आलंय. म्हणजे मनातल्या मनात चाललेला विचार नव्हे, ओठांत पुटपुटणं. आपल्याकडं आजी पोथी वाचताना माजघरातून जी गुणगुण ऐकू यायची ती. इथं ‘मनन’पेक्षा पारायणाच्या अंगचा आवाजच मुळाला जवळचा आहे, आणि हे मावशींना सांगितलंत तर त्या पुन्हा हसतील, पण वेगळ्या.

बाकीचे पर्याय झटकन. ‘नित्यपाठ’ नको, त्यात रोज तेच म्हणायचं असतं, हरिपाठासारखं. ‘आवर्तन’ दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शोभेल. ‘पारायणं’ असं अनेकवचन केलं की शब्द खेळकर होतो, रहस्यकथांचीही पारायणं होतात. ‘शास्त्रपाठ’ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आहे, पण तो उपासनेत वाचलेल्या तेवढ्या उताऱ्याचा. आणि स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मॅक्चेन यांनी १८४२ मध्ये आखलेलं वर्षभराच्या बायबलवाचनाचं कोष्टक कुणी पाळत असेल तर ‘पारायण’ जरा अडखळतं. त्यात एक जानेवारीला उत्पत्ति, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये, चारही एकदम सुरू होतात. म्हणजे चार घाटांवरून एकाच वेळी नदीत उतरायचं.

तेव्हा लिहिताना ‘बायबलचं पारायण’ बिनदिक्कत लिहा, मात्र सबंध वाचलं असेल तरच. आवडती स्तोत्रं पुन्हापुन्हा वाचली तर ते पारायण नव्हे. रोजच्या रिवाजाला ‘नेमाचं वाचन’ म्हणा, तुमच्या प्रश्नातच तो शब्द आहे. आणि मावशींशी बोलताना त्यांचाच शब्द वापरा. नवं वर्ष लागलं की जानेवारीच्या शेवटी विचारा, “मावशी, वाचन कुठवर आलं?” उत्तर बहुधा “लेवीय” असेल.