क्लोनची कथा लिहिण्याआधी

दादरच्या बैठकीत तुम्ही वाचलेली कथा मला आवडली. मात्र तुमचा गिरगावातला डॉक्टर एका रात्रीत स्वतःची तरुण प्रतिकृती घडवतो, तिथे माझा विश्वास उडाला. क्लोन, म्हणजे एखाद्या जिवाची जनुकीय प्रतिकृती, हा बाळ म्हणूनच जन्मतो आणि त्याला कुणाचे तरी गर्भाशय लागते. १९९६ मध्ये डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली, ती २७७ अंडपेशींमध्ये दुसऱ्या मेंढीच्या पेशीचे केंद्रक घालून केलेल्या प्रयत्नांतून जगलेली एकटीच. माणसाच्या बाबतीत असे अपयश कोणत्या बाईच्या शरीरावर कोसळेल, हा प्रश्न तुमच्या कथेने विचारलेलाच नाही. चाळीतली एखादी गरजू स्त्री पैशांसाठी तो गर्भ वाढवत असेल, तर २०२१ च्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीला बंदी असलेल्या देशात ती तक्रार तरी कुणाकडे करणार? माझ्या मते खरी कथा तिथेच आहे.

क्लोनला आत्मा असतो का, यावर पात्रांची भाषणे लिहू नका (मी तरुणपणी अशी चार पाने लिहिली होती, आणि ती संपादकांनी योग्यच कापली). काझुओ इशिगुरो यांची २००५ मधील ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी जरूर वाचा: अवयवदानासाठी वाढवलेली तिच्यातली मुले बंड करत नाहीत, आणि त्यामुळेच वाचक अधिक अस्वस्थ होतो.

तुमच्या क्लोनला आधी शाळेत घाला. दाखल्यावर आईचे नाव कोणते लिहायचे, इथूनच पुढचा खर्डा सुरू करा.