टी-३९ सेबरलायनर: वाचकांचे प्रश्न

टी-३९ हे प्रशिक्षण विमान की अधिकाऱ्यांची ने-आण करणारे?

दोन्ही. अमेरिकी हवाई दलाला दोन्ही कामांना चालेल असे एकच छोटे, दोन इंजिनांचे जेट हवे होते. नॉर्थ अमेरिकन कंपनीचा नमुना १६ सप्टेंबर १९५८ रोजी उडाला आणि हवाई दलाने टी-३९ए प्रकारची १४३ विमाने घेतली. व्हिएतनाम युद्धात सायगॉनजवळच्या तान सोन न्हुत तळावरून टेहळणीच्या फिल्म्स आणि महत्त्वाचे अधिकारी तातडीने पोचवायला हीच विमाने होती.

उभ्या विमानाच्या पंखाची पुढची पट्टी बाहेर आलेली दिसते. तो बिघाड आहे का?

नाही. ती स्लॅट. तिला मोटर नसते. ती रुळांवर मोकळी सरकते. वेगात हवेचा दाब तिला आत बसवतो. वेग कमी होऊन नाक वर उचलले की कडेवरचे शोषण तिला बाहेर ओढते, आणि फटीतून येणारी हवा पंखावरचा प्रवाह टिकवते. हा वारसा त्याच कंपनीच्या एफ-८६ सेबर या लढाऊ विमानाचा.

उड्डाणापूर्वी प्रत्येक स्लॅट हाताने आत-बाहेर सरकवून पाहायची. रुळात बर्फ किंवा घाण साचून एका बाजूची अडकली आणि दुसरी बाहेर आली, तर अडकलेल्या बाजूचा पंख आधी उचल गमावतो. विमान तिकडे कलंडते, तेही उतरताना, जमीन जवळ असताना. ही तपासणी घाईत उरकू नयेच.

नौदल यात रडार कसे शिकवत असे?

टी-३९डीच्या नाकात रडार होते. अशी ४२ विमाने बांधली. विद्यार्थी मागे पडद्यासमोर बसून पायलटला दिशा सांगे. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे नाक थेट ठिपक्यावर, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दुसऱ्या विमानावर, धरणे. लक्ष्य पुढे सरकत राहते आणि शेवटी त्याच्या मागे धावण्यात इंधन जाते.

बरोबर पद्धत अशी: दिशा स्थिर ठेवून ठिपका पाहा. २० मैलांवर तो उजवीकडे ३० अंशांवर होता आणि १५ मैलांवरही तिथेच असेल, तर गाठ पडणार. तो सरकत असेल, तर ज्या बाजूला सरकतो तिकडे थोडे वळा, पुन्हा स्थिर व्हा, पुन्हा पाहा.

एक इंजिन बंद पडल्यास?

इंजिने शेपटीकडे, धडाला लागून आहेत. त्यामुळे नाक बंद इंजिनाकडे वळते, पण बेताने. चालू इंजिनाच्या बाजूचा पेडल दाबून दिशा सावरा. मगच, कोणते इंजिन गेले याची खात्री करून, ते बंद करा.