नव्याने रुजू होताय? आधी एवढंच करा

अभिनंदन! आपली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट (पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था) 1982 पासून आहे, त्यामुळे अहवालांचा ढीग बघून धडकी भरणारच. सगळे वाचायची गरज नाही. सध्या फक्त मुंबई हवामान कृती आराखडा घ्या. मार्च 2022 मध्ये पालिकेने तो जाहीर केला, तांत्रिक साथ संस्थेच्या भारतातल्या टीमची. लक्ष्य 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे हरितगृह वायू जेवढे सोडू तेवढेच हवेतून काढून घ्यायचे.

नवखे हमखास फसतात ते सरासरीला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस, त्याच दिवशी कुलाब्यात 100 च्याही आत. मग 'मुंबईचा पाऊस' म्हणजे नक्की कुठला? आकडा दिसला की आधी विचारायचं: पाऊस मोजणारं केंद्र कुठलं, तास कुठले?

बाकी दोनच गोष्टी:

- नकाशा घेऊन वस्तीत जा. स्क्रीनवर नाला म्हणजे निळी रेघ. पाणी घरात कुठवर चढलं, ते तिथल्या मावशी भिंतीवरची ओल दाखवून सांगतात.
- इंग्रजी अहवाल छापला म्हणजे काम झालं, असं नाही. वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरला मराठीत एका पानाचं टिपण द्या. तेच वाचलं जातं (चहाबरोबर दिलंत तर लवकर).

मॉडेलिंग, कार्बनचा हिशोब वगैरे पुढे बघू. पावसाळ्याआधी गमबूट मात्र घेऊन ठेवा.