पिकाचू म्हातारा होतो का?

प्रश्न: माझी नऊ वर्षांची मुलगी मामाच्या जुन्या गेमबॉयवर, म्हणजे हातात धरायच्या व्हिडिओ गेमवर, ‘पोकेमॉन यलो’ खेळते. त्यात पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पाळून लढवायचे असतात, तिचा आहे पिकाचू. खेळातल्या एका गावात तिला कबरी दिसल्या. तेव्हापासून ‘माझा पिकाचू म्हातारा होईल का? मरेल का?’ असं सारखं विचारते. दिवाळीनंतर आमचा मोती गेला. कुत्रा होता, पण घरातलाच. तिला काय सांगू? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, तिचा पिकाचू म्हातारा होणार नाही. या खेळात वय वाढतच नाही, लेव्हल वाढते, आणि ती शंभरावर थांबते. मोठं रूप येतं ते लढून किंवा एखादा खडा दिल्यावर, दिवस गेल्यामुळे नाही. पुढे 1999 सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पोकेमॉन खेळांमध्ये घड्याळ आलं, रात्र पडू लागली, तरी प्राण्यांना वय लागलं नाही. तिच्या ‘यलो’मधला पिकाचू तर थंडर स्टोन हा खडा दिला तरी राइचू, म्हणजे त्याचं मोठं रूप, व्हायला साफ नकार देतो.

लढाईतही कुणी मरत नाही. हरलेला पोकेमॉन बेशुद्ध पडतो, मुलं त्याला ‘फेंट झाला’ म्हणतात, आणि पोकेमॉन सेंटरमध्ये, म्हणजे खेळातल्या दवाखान्यात, नेला की बरा होतो. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांनी 1999 च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की हरलं की ‘मेलो’ म्हणायची सवय मुलांना लागू नये, मरणाचा मान राखला जावा. मला हे फार पटतं. हरणं वेगळं आणि मरणं वेगळं, हे मुलांना खेळता खेळता कळतं.

पण ‘पोकेमॉन मरत नाहीत’ असं तिला सांगू नका. ते खोटं ठरेल, कारण तिने पाहिलं ते लॅव्हेंडर टाउन. तिथल्या सात मजली टॉवरमध्ये मेलेल्या पोकेमॉनच्या कबरी आहेत आणि लोक तिथे येऊन रडतात. टीम रॉकेट या खेळातल्या गुंडांच्या टोळीने मारलेल्या मारोवॅक नावाच्या एका आई पोकेमॉनचा आत्मा तिथे वाट अडवून उभा असतो. तिचं पिल्लू क्यूबोन मागे राहिलेलं असतं. त्या आईच्या आत्म्याला शांत केल्यावरच वाट मोकळी होते. म्हणजे मरण खेळाच्या नियमांत नाही, गोष्टीत आहे. मुलीने ते बरोबर हेरलं. तिचं कौतुक करा.

मोतीबद्दल बोलायला दुसरी वाट हवी असेल तर ‘सन अँड मून’ या पोकेमॉनच्या कार्टून मालिकेतला स्टाउटलँड नावाच्या म्हाताऱ्या पोकेमॉनचा भाग तिच्या शेजारी बसून पाहा. स्टाउटलँड कुत्र्यासारखा दिसतो, लिटन नावाच्या मांजरीच्या पिल्लाला सांभाळतो आणि वयाने थकून जातो. पिल्लू काही दिवस कुणाशी धड वागत नाही, मग हळूहळू सावरतं. आधी तुम्ही एकट्याने पाहून घ्या, म्हणजे मध्येच तुमचाच धीर सुटणार नाही.

आणखी एक काम तातडीचं आहे. जुन्या ‘यलो’च्या कॅसेटमध्ये छोटी बटण-बॅटरी असते, सेव्ह केलेला खेळ तिच्यावरच टिकतो. ती संपली की पिकाचूसकट सगळं पुसलं जातं, आणि साध्या पद्धतीने बॅटरी बदलतानाही पुसलं जातं. हे मुलीला आत्ताच सांगा. सेव्हची प्रत काढून मग बॅटरी बदलून देणारा कारागीर भेटतो का, तेही मामाला विचारा.