डिलाईल रोडच्या आसपासची लोकसंख्या कशी बदलत गेली, हे जनगणनेतून कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय की डिलाईल रोड-लोअर परळ पट्ट्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत माणसं वाढली की घटली, हे कॉलेजच्या प्रकल्पासाठी शोधायचंय. आकडे आणि नकाशे कुठे मिळतील? शिवाय आजोबा त्या वेळी कुठल्या चाळीत राहत होते, ते जनगणनेत सापडेल का? मी लालबागमध्ये वाढले आणि गिरणगावच्या आकड्यांवर बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकडे शोधू नका, हद्द ठरवा. मुंबईत सगळा घोळ ‘वॉर्ड’ या शब्दामुळे होतो. महापालिकेचा प्रशासकीय विभाग म्हणजेही वॉर्ड. तुमचा जी दक्षिण, त्याचं कार्यालय धनमिल नाक्याला. नगरसेवक निवडून येतो तोही लोकांच्या बोलण्यात वॉर्डच, खरं तर तो प्रभाग, असे २२७. आणि जुन्या जनगणनांच्या पुस्तकांत ‘सेक्शन’ म्हणून तिसरीच विभागणी भेटते: परळ, शिवडी, वरळी, महालक्ष्मी. ‘डिलाईल रोड’ नावाचा भाग यांतल्या कुठल्याच यादीत नाही. तो आपल्या तोंडात आहे, कागदावर नाही.

मी स्वतः इथेच अडकले होते. प्रभागाचा क्रमांक तोच दिसला म्हणून दोन वेगवेगळ्या निवडणुकांच्या वेळचे लोकसंख्येचे आकडे शेजारी मांडले आणि मोठी घट दाखवणारा आलेख काढला. मधल्या काळात प्रभागरचना बदलली होती, क्रमांक दुसऱ्याच गल्ल्यांना लागला होता. महिनाभराचं काम टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून हद्दीचा नकाशा हातात आल्याशिवाय मी एकही वजाबाकी करत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात भरवशाचं एकक म्हणजे प्रशासकीय विभाग. २००१ मध्ये जी दक्षिणची लोकसंख्या ४,५७,९३१ होती, २०११ मध्ये ३,७७,७४९. दहा वर्षांत ८०,१८२ माणसं कमी, म्हणजे साडेसतरा टक्के. शेजारच्या एफ दक्षिणमध्ये (परळ, लालबाग, शिवडी) ३,९६,१२२ वरून ३,६०,९७२. पण दादर-माहीम-धारावीचा जी उत्तर मात्र ५,८२,००७ वरून ५,९९,०३९ वर गेला. आख्खा मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला, घट साडेसात टक्क्यांची. म्हणजे जी दक्षिणची घट जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त आहे. तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न इथेच उभा राहतो: टॉवर तर वर चढत होते, मग माणसं गेली कुठे?

याचं उत्तर एका रकान्यात मिळणार नाही. लोकसंख्येच्या शेजारी कुटुंबांची संख्या असते, ती हमखास घ्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आणि तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन, हा फरक त्या दोन रकान्यांच्या भागाकारात दिसतो. घरयादीचे, म्हणजे माणसं मोजण्याआधी घरांची जी नोंद होते तिचे, तक्ते वेगळे असतात; त्यांत खोल्या किती, पाण्याचा नळ घरात की बाहेर, शौचालय स्वतःचं की सार्वजनिक हे असतं. चाळीचं आयुष्य जनगणनेत सगळ्यात जास्त तिथेच उमटतं. २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० मध्ये झाली होती, हे तळटीपेत लिहा.

एका ठिकाणी मात्र तुमची निराशा होईल. २००१ आणि २०११ च्या प्राथमिक गोषवाऱ्यात, म्हणजे लोकसंख्येच्या मुख्य तक्त्यात, काम करणाऱ्यांचे चारच गट आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. गिरणीतला जॉबर (मुकादम), बँकेतला कारकून आणि कमला मिलच्या आवारातल्या ऑफिसात बसणारा, सगळे ‘इतर’. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात जे घडलं ते या एका शब्दाखाली गाडलं गेलंय. उद्योगवार तक्ते वेगळे आहेत. त्यांतून जिल्ह्याचं चित्र मिळेल, तुमच्या गल्लीचं नाही.

आणखी मागे जाणार असाल तर एक तारीख पाठ करा: १ ऑक्टोबर १९९०. त्या दिवशी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९८१ पर्यंत बृहन्मुंबई एकच जिल्हा होता, म्हणून ‘जिल्ह्याचा’ १९८१ चा आकडा आणि १९९१ चा आकडा सरळ शेजारी ठेवता येत नाही.

आता मिळणार कुठे. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल ग्रंथालय आहे, तिथे ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ शोधा. तिचा ‘ब’ भाग तुम्हाला लागेल, प्राथमिक गोषवारा त्यातच असतो. जुने खंड स्कॅन केलेले आहेत, पुष्कळदा अस्पष्ट. छापील पाहायचे तर गोवंडी स्टेशनजवळ देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात विचारा. कॉलेजचं पत्र घेऊन जा. पीडीएफमधून एक्सेलमध्ये आकडे उतरवले की लाख-हजारांचे स्वल्पविराम आधी काढा, नाहीतर कधीकधी एक्सेल त्यांना मजकूर समजतं आणि बेरीज चुकते. उतरवल्यावर बेरीज छापील बेरजेशी जुळवा. शहर जिल्ह्याचे नऊ विभाग, ए पासून जी दक्षिणपर्यंत, मिळवले की २०११ साठी ३०,८५,४११ च यायला हवेत.

विभागांच्या हद्दींच्या फाइली डेटामीट या गटाने मोफत ठेवल्या आहेत. त्या क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि विभागाच्या नावावर तक्ता जोडा. दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखं लागतं. ‘जी साउथ’ आणि ‘जी/साउथ’ हे त्याला दोन वेगळे विभाग वाटतात. विभागाहून लहान तुकडा हवा असेल तर प्रभागरचनेची अधिसूचना बघा. तिथे प्रत्येक प्रभागाची चतुःसीमा आणि २०११ ची लोकसंख्या दिलेली असते. तिचा उपयोग एका वेळच्या चित्रापुरता, तुलनेसाठी नको. गिरणीची जमीन कुठे होती हे विकास आराखड्याच्या आणि सिटी सर्व्हेच्या नकाशांत पाहा, जमिनीच्या तुकड्याला शहरात सी. एस. नंबर असतो, उपनगरात सी. टी. एस.

आकडा वाचताना तो कधी घेतला तेही बघा. मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६, आणि १९०६ च्या खास मोजणीत ९,७७,८२२. प्लेगच्या भीतीने लोक गावाला गेले होते तेव्हा १९०१ ची मोजणी झाली. आज बीडीडी चाळींतली कितीतरी कुटुंबं पुनर्विकासासाठी बाहेर राहतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. जो जिथे राहतोय तिथेच मोजला जाणार. तो आकडा येईल तेव्हा ही नोंद तुमच्याजवळ असू द्या.

आजोबांचं नाव जनगणनेत सापडणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय आहे, कोर्टातही ती पुरावा म्हणून मागता येत नाही. ते गिरणीत असतील तर घरातली ट्रंक उघडा: गिरणीतला तिकीट नंबर (कामगाराचा क्रमांक), ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, हजेरीपत्रक, खोलीच्या भाडेपावत्या. पावतीवर चाळीचं नाव आणि खोली नंबर असतो.