रुग्णवाहिकेवरचा पगार: स्वस्ताई धरली तरी आपण इंग्लंडच्या बरोबरीला येतो का?

तुमचा प्रश्न असा, की आपल्याकडे रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना रुपयात कमी मिळत असलं, तरी इथल्या स्वस्ताईमुळे तो पगार इंग्लंड-अमेरिकेइतकाच पडतो का. नाही पडत. मी सहा वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या गाडीवर टेक्निशियन होतो, म्हणून हिशोब माझ्यापासूनच मांडतो.

मला महिना २०,००० मिळायचे, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड ६ या पगारश्रेणीतल्या पॅरामेडिकला (रुग्णवाहिकेवर उपचार करणाऱ्याला) २०२४-२५ मध्ये सुरुवातीलाच ३७,३३८ पौंड होते. बाजारभावाने ते साधारण ३९ लाख, माझ्या सोळापट. पण तिथलं घरभाडं, केस कापणं, सगळंच महाग. म्हणून क्रयशक्तीचा दर लावायचा: अमेरिकेत एका डॉलरला होणारी खरेदी इथे ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांत नाही, साधारण २० रुपयांतच होते. इंग्लंडसाठी तो दर ०.६८ पौंडांच्या आसपास आहे. या मापाने माझे वर्षाचे १२,००० डॉलर, तिथले ५५,०००. सोळापटीची साडेचारपट झाली.

बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका, तास मोजा.

तिथे आठवडा साडेसदतीस तासांचा, रात्रीच्या तासांना वर जास्तीचा दर. माझी ड्युटी १२ तासांची, महिन्याला २६ दिवस. रात्रपाळी सकाळी आठला सुटायची, पण सव्वासातला सोलापूर रस्त्यावरचा कॉल आला की पेशंट ताब्यात देऊन, स्ट्रेचरवरचं रक्त धुऊन, ऑक्सिजनचा सिलेंडर बदलून निघेपर्यंत साडेदहा वाजायचे. ते अडीच तास कुठल्याच वहीत चढत नसत. ते सोडले तरी मला तासाला ६४ रुपये पडत, म्हणजे क्रयशक्तीने तीन-सव्वातीन डॉलर. तिथे २८. तफावत पुन्हा जवळपास नऊपट!

शिवाय क्रयशक्तीचा दर डाळ-तांदूळ-भाड्याची सरासरी सांगतो. मोबाइल, पेट्रोल घेताना तो कामाला येत नाही.

पदाचं नावही तपासा, कारण त्यामागचं शिक्षण देशोदेशी वेगळं असतं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या पॅरामेडिकला पदवी लागते. आपल्या महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो. अमेरिकेतला ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा टेक्निशियन, दीडशे-दोनशे तासांच्या कोर्सवर लागतो, आणि त्याची हलाखी वेगळीच आहे. मे २०२३ मध्ये तिथल्या ईएमटींचा मध्यम पगार वर्षाला ३८,९३० डॉलर होता, तासाला पावणेएकोणीसच्या आसपास. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्टफूड साखळ्यांतल्या कामगाराला किमान २० डॉलर द्यावे लागतात. जीव वाचवणाऱ्या माणसाला बर्गर बांधणाऱ्यापेक्षा कमी मिळावं, हे मला पटत नाही, मग देश कुठलाही असो.

तुम्ही तक्ता करणार असाल तर देश आणि पगार यांच्यामध्ये ‘प्रत्यक्ष भरलेले तास’ असा एक रकाना घाला. आणि तो आकडा कार्यालयाकडून नका घेऊ, गाडीवरच्या माणसाला विचारा.