इंग्रजीतल्या 'लाइन' या एका शब्दाला इतके अर्थ कसे, आणि मुलांनी ते लक्षात कसे ठेवायचे?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत सेमी-इंग्रजीला आहे, डिक्शनरीत 'लाइन' काढला तर अर्थच संपेनात, आता ते सगळे पाठ करून घ्यायचे का? अजिबात करून घेऊ नका. मी आर्वीकडे खेड्यात इंग्रजी शिकवते. हा शब्द तर आपल्याकडच्या पोट्ट्यांना सगळ्यात आधी कळायला हवा, कारण त्याचं मूळ आपल्या रब्बीच्या शेतात आहे.

ते मूळ म्हणजे जवस. लॅटिनमध्ये जवसाला 'लीनम' म्हणतात. आपण जवस दाण्यासाठी पेरतो, तेल काढतो, चटणी करतो. युरोपात तो खोडासाठीही पेरत आले. खोड उपटून पाण्यात नाहीतर दवात कुजवायचं, कुटायचं आणि त्यातून लांब धागा सोडवायचा. त्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि धाग्याला, दोरीला शब्द 'लीनिआ'. त्यातूनच पुढे लाइन आला. कोटाच्या अस्तराला लायनिंग म्हणतात तेही याच घरातलं, कारण पूर्वी आतून लिनन लावत. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम तर थेट जवसाच्या तेलाचं.

आता दोरीची रेघ कशी झाली, हे मुलीला गावातल्या सुताराकडे नेऊन दाखवा. तो दोरी गेरूत भिजवतो, फळीवर दोन्ही टोकांना ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलतो आणि सोडतो. दोरी फटकन आपटते, आणि उचलली की फळीवर सरळ लाल रेघ. शब्दाचंही तेच झालं. आधी दोरी, मग दोरीने आखलेली रेघ, आणि रेघेवर माणसं, घरं, अक्षरं एकामागे एक लागली की रांग.

वाक्यात शब्द आला की मुलीने एवढंच विचारायचं: इथे दोरी आहे, रेघ आहे की रांग? कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायच्या गळाची दोरी, टेलिफोनची आणि विजेची तार हे सगळं पहिल्यात. भूमिती, क्रिकेटमधली चेंडूची लाइन, दारिद्र्यरेषा हे दुसऱ्यात. इतिहासात भेटणारी 1914 ची मॅकमोहन लाइन, 1947 ची रॅडक्लिफ लाइन, 1972 ची नियंत्रण रेषासुद्धा तिथेच.

रांगेचा अर्थ आपल्याकडे सगळ्यात जास्त सांडलाय. इंग्रजांच्या छावण्यांत बराकी रांगेने असत म्हणून त्या वस्तीला 'लाइन्स', आणि त्याच धर्तीवर गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती नागपूरची सिव्हिल लाइन्स. पोलीस लाइनही तशीच. कवितेची ओळ म्हणजे अक्षरांची रांग, आणि नाटकातल्या पात्राने पाठ करायचं बोलणं तेही 'लाइन्स'. पिढ्या एकामागे एक आल्या की वंश. म्हणून बियाण्याच्या संशोधनात पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखलेल्या रोपांच्या कुळालाही लाइनच म्हणतात. एनएल-97 हे जवसाचं वाण नागपूरचं आहे, तेव्हा जवस ते लाइन आणि लाइन ते जवस असा पूर्ण फेरा आपल्याच भागात दाखवता येतो. मला हे फार आवडतं, आणि वर्गात सांगितलं की मुलंही माना वर करतात.

कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची लागते ती लाइन अमेरिकी इंग्रजीत लाइनच आहे, ब्रिटिश मात्र तिला क्यू म्हणतात. दोन्ही बरोबर. शकुंतला रेल्वेची नॅरोगेज लाइन, 'मुलगा आयटीआयच्या लाइनला गेला' यातली लाइन, याही सहज बसतात.

एक शब्द मात्र वेगळा समजावा लागतो, डेडलाइन. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द असे. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. मुदतीचा अर्थ नंतर छापखान्यांतून, वर्तमानपत्रांतून आला. मूळ गोष्ट सांगितली की स्पेलिंगसकट लक्षात राहतो.

आणि एवढं नक्की तपासा: 'लाइन गेली', 'रात्री बाराला लाइन येते' हे आपण दिवसभर बोलतो. इंग्रजीत लाइन म्हणजे तार, तारेतून येणारी वीज नव्हे. निबंधात मुलगी 'द लाइन हॅज गॉन' लिहील आणि वाचणाऱ्याला वाटेल तार चोरीला गेली. तिथे 'पॉवर' लिहायला सांगा.